नॉरफोक-सफोकच्या गावपाट्या, सायकलवरून

अनवट (धागाकर्ती)

इंग्लंडात सायकल चालवणाऱ्या मंडळींचे धागे इथे अधूनमधून येतात. लेक डिस्ट्रिक्ट येतं, कॉट्सवोल्ड्स येतं, लंडन ते ब्रायटन तर हमखास. पूर्वेकडच्या नॉरफोक आणि सफोककडे मात्र कुणी वळत नाही, कारण तिथे डोंगर नाहीत आणि नाव काढावं असा घाटही नाही. मी केंब्रिजला राहते आणि सुट्टीच्या दिवशी सायकल बहुतेक वेळा त्याच दिशेला नेते. कारण एकच, तिथल्या गावपाट्या.

रस्त्यावरचे सरकारी फलक मला म्हणायचे नाहीत. इथल्या खेड्यात शिरलं की मधल्या हिरवळीवर, तळ्याकाठी नाहीतर चर्चसमोर ओकच्या लाकडाचा एक उंच खांब दिसतो. त्याच्या माथ्यावर कोरलेलं, रंगवलेलं चित्र असतं, त्याखाली गावाचं नाव. कुठे पाटी लाकडाची, कुठे ओतीव अॅल्युमिनियमची, कुठे लोखंडी पट्ट्या वळवून केलेली. खाली विटांचा किंवा गारगोट्यांचा चौथरा. चित्रात मेंढ्या, पवनचक्की, एखादा संत, एखादा गुन्हेगार, विमान, राक्षस, काहीही असू शकतं. ते काय असावं हे गावाने ठरवलेलं असतं, आणि मला ओढ आहे ती नेमकी याची. शेदोनशे उंबऱ्यांच्या गावाला हजार वर्षांतून एकच गोष्ट वेशीवर टांगायची मुभा दिली तर ते कोणती टांगेल? प्रत्येक पाटी हे त्याचं उत्तर आहे.

ही प्रथा फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा सातवा एडवर्ड याच्या सूचनेवरून नॉरफोकमधल्या सँड्रिंगहॅमच्या जहागिरीतल्या गावांत अशा पाट्या लागल्या, असं मानतात. मोटारी नुकत्या आल्या होत्या, येणाऱ्याला गाव कळावं हा हेतू. १९२० मध्ये 'डेली मेल'ने गावपाट्यांच्या नमुन्यांची स्पर्धा घेतली. लंडनच्या ऑस्ट्रेलिया हाऊसमध्ये प्रदर्शन भरलं आणि पहिलं बक्षीस ससेक्समधल्या मेफिल्डला मिळालं. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरेल या धास्तीने देशभरातले दिशादर्शक खांब आणि गावांची नावं काढली किंवा झाकली गेली. युद्धानंतर पाट्यांना पुन्हा जोर आला. १९५३ चा राज्याभिषेक, १९७७ चा राणीचा रौप्यमहोत्सव आणि २००० साल, या तीन निमित्तांनी लागलेल्या पाट्या ढिगाने सापडतात. पुष्कळ ठिकाणी चौथऱ्यावरच्या छोट्या पितळी पट्टीवर विमेन्स इन्स्टिट्यूटचं, म्हणजे गावातल्या महिला मंडळाचं नाव असतं. वर्गणी गोळा करण्यापासून पाटी उभी करण्यापर्यंत सगळं या बायकांनी केलेलं असतं. ती पट्टी वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही.

नॉरफोकच्या पाट्यांची गोष्ट हॅरी कार्टर या माणसाशिवाय पुरी होत नाही. स्वॉफम गावच्या शाळेत तो कला आणि सुतारकाम शिकवायचा. तुतनखामेनची कबर शोधणारा हॉवर्ड कार्टर त्याच्या नात्यातला. हॅरीने शाळा सांभाळून आयुष्यभरात दोनशेच्या वर पाट्या कोरल्या. त्यातलीच एक स्वॉफमची, फेरीवाल्याची. जॉन चॅपमन नावाच्या फेरीवाल्याला स्वप्न पडतं की लंडन ब्रिजवर जा, भाग्य उघडेल. तो चालत लंडनला जातो आणि पुलावर ताटकळत उभा राहतो. तिथला एक दुकानदार त्याला हसतो. "स्वप्नावर भरवसा ठेवला असता तर मीही स्वॉफम नावाच्या कुठल्याशा गावात जाऊन अमक्या झाडाखाली खणत बसलो असतो," म्हणतो. चॅपमन घरी येतो, आपल्याच परसात खणतो आणि हंडा सापडतो. त्या पैशातून त्याने चर्च वाढवायला मदत केली असं गाव सांगतं. चर्चमध्ये गेलात तर बाकांच्या लाकडावर कोरलेला फेरीवाला आणि त्याचा कुत्रा दिसतो. पाटीवरची गोष्ट गावात शिरून अशी हाताने चाचपता आली की पुढचे मैल आपोआप सरतात.

पण माझी सगळ्यात लाडकी पाटी बॅबिंग्लीची. किंग्ज लिनहून सँड्रिंगहॅमकडे जाताना ए-१४९ या मोठ्या रस्त्याच्या काठाला ती आहे. पाटीवर एक बीव्हर आहे, डोक्यावर बिशपची टोपी आणि हातात दंड घेतलेला! सातव्या शतकात बर्गंडीहून फेलिक्स नावाचा धर्मप्रसारक इथल्या नदीत शिरताना त्याचं गलबत वादळात सापडलं, बीव्हरांनी त्याला वाचवलं, म्हणून त्याने त्यांच्या म्होरक्याला बिशप केलं, अशी ही दंतकथा. जवळ जाऊन बघा, बीव्हरच्या चेहऱ्यावर पदाचा पुरेपूर भारदस्तपणा आहे. कोरणाऱ्याने ही कथा मनापासून खरी धरली आहे, आणि तसं धरल्याशिवाय असा चेहरा उतरत नाही. गाव म्हणाल तर जवळजवळ उरलेलंच नाही. फेलिक्सच्या नावाचं जुनं चर्च शेतात पडीक उभं आहे आणि रस्त्यालगत पत्र्याच्या भिंती नि गवती छपराचं दुसरं. माणसं गेली, पाटी राहिली. बीव्हर तर इंग्लंडातून कित्येक शतकांपूर्वीच शिकारीमुळे नामशेष झाले होते. आता इथून थोडं उत्तरेला, वाइल्ड केन हिलच्या कुंपणबंद पाणथळीत, ते पुन्हा आणून सोडलेत. बिशपची प्रजा परतली म्हणायची.

त्याच वाटेने पुढे हीचमला पाटीवर पोकाहॉन्टस भेटते. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या पोव्हाटन या मूळनिवासी जमातीच्या प्रमुखाची ही मुलगी जॉन रॉल्फशी लग्न करून इंग्लंडला आली आणि १६१७ मध्ये परतीच्या वाटेवर ग्रेव्हसेंडला वारली. रॉल्फचं घराणं हीचमचं. गावच्या चर्चमध्येही तिचं शिल्प आहे.

पाटी बघायची माझी एक रीत आहे. आधी दोन्ही बाजू बघायच्या, कारण पुष्कळदा मागचं चित्र वेगळं असतं. मग चौथरा. मग चित्रातली वस्तू गावात शोधायची: चर्चचा मनोरा, गिरणी, ओढा, विहीर. सफोकमध्ये मेंढी किंवा विणकर दिसला की समजायचं, मध्ययुगात लोकरीच्या कापडावर हे गाव गबर झालं होतं, आणि गावाच्या मानाने प्रचंड असलेलं चर्च त्याच पैशाचं. बॉम्बर विमान दिसलं तर आसपासच्या शेतात कुठेतरी काँक्रीटच्या जुन्या धावपट्टीचे तुकडे असतात. १९४२ पासून अमेरिकी हवाईदलाचे तळ या भागात दाटीवाटीने होते.

हे सगळं सायकलवरूनच जमतं. मोटारीला थांबायला जागा नसते, आणि थांबलीच तर मागे रांग लागते. चालत जायचं तर गावं तीन-चार किलोमीटरवर, दिवसात दोन-तीनच होतात. सायकलवर एका दुपारी सात-आठ गावांच्या मनात डोकावता येतं.

तुमच्यापैकी कुणी अशा पाट्या पाहिल्या असतील तर लिहा. फोटो आणखी चढवते आहे.

---

पेडलभक्त

झकास धागा! वाचनखूण साठवली आहे. जूनपर्यंत कंपनीच्या कामासाठी रेडिंगला आहे, सायकल सोबत आहे. थोडी व्यवहारातली माहिती द्या ना. चढ खरंच नाहीत का? रस्ते कसे? ट्रेनमध्ये सायकल नेता येते?

---

अनवट

चढ नावालाच. नॉरफोकचा सर्वात उंच माथा सुमारे शंभर मीटरचा. पण इथला घाट म्हणजे वारा, आणि तो बहुतेक पश्चिमेकडून येतो. म्हणून किंग्ज लिनहून निघून पूर्वेला जावं, वारा पाठीशी राहतो. उलट आलात तर सपाट रस्त्यावरही छोट्या गिअरवर याल.

राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक १ किंग्ज लिनहून कॅसल रायझिंग, सँड्रिंगहॅम, वेल्स, वॉल्सिंगहॅम, फेकनम करत नॉरविचला जातो आणि बहुतेक सगळा आडवाटांवरून. त्याला धरून राहा आणि पाटीसाठी थोडं आतबाहेर करा. बॅबिंग्लीसाठी ए-१४९ ला टेकावं लागतं. तिथे मोटारी सुसाट असतात, अंगावर भडक जॅकेट हवंच.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, १:५०,००० वाला, गुलाबी मुखपृष्ठाचा. फोनवर रस्ता दिसतो, पण पुढच्या दहा मैलांत कुठे कुठे चर्च आहे ते कागदावर एका नजरेत कळतं. जिथे चर्च तिथे गाव, जिथे गाव तिथे पाटी असण्याचा संभव. पाऊस आला तर आडोसाही चर्चच्या देवडीचाच.

ट्रेनमध्ये सायकल चालते, पण गर्दीच्या वेळी मनाई असते आणि काही गाड्यांना आरक्षण लागतं. निघण्याआधी तपासा.

एक सूचना हंगामाची. सप्टेंबरपासून हिवाळाभर इथे साखरबीटाची वाहतूक चालते. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर येतो आणि ओल्या दिवशी वळणावर चाक सटकतं. एप्रिल-मे उत्तम. कुंपणं फुललेली असतात आणि पाट्या पालवीत बुडालेल्या नसतात.

---

चिकित्सक

वर्णन छान आहे, पण मला एक खटकतं. बिशप बीव्हर, हंडा सापडलेला फेरीवाला, ह्या सगळ्या गोड कहाण्या. फेरीवाल्याची गोष्ट तर बगदाद-कैरोच्या रूपात फारसी कवी रूमीच्या 'मसनवी' या काव्यातही आहे. म्हणजे स्वॉफमची ती नाहीच. गावं स्वतःबद्दल सोयीचं तेवढं टांगतात. जमीन कुणी लाटली, कुणाला फाशी दिलं, हे पाटीवर येत नाही. त्यामुळे 'गावाच्या मनात डोकावणं' हे मला जरा जास्त वाटतं.

---

अनवट

चिकित्सक, तुम्ही म्हणता तेच पाटीवर आलेलं एक गाव आहे, विंडम. (लिहिताना लांबलचक लिहितात, म्हणतात एवढंच.) १५४९ मध्ये इथल्या रॉबर्ट केटने सामायिक गायरानांना कुंपणं घालणाऱ्या जमीनदारांविरुद्ध बंड केलं. गंमत म्हणजे, लोक आधी त्याचीच कुंपणं मोडायला आले होते. त्याने त्यांचं ऐकून घेतलं, स्वतःच्या हाताने कुंपण मोडायला लागला आणि त्यांचा पुढारी झाला. हजारो लोक नॉरविचबाहेरच्या माळावर तळ ठोकून बसले, शहर त्यांनी ताब्यात घेतलं. शेवटी फौजेने चिरडलं आणि केटला नॉरविचच्या किल्ल्यावर फासावर टांगलं. आज विंडमच्या पाटीवर तो आहे, झाडाखाली लोकांसमोर उभा. विंडमहून हेदरसेटकडे जाताना बी-११७२ च्या कडेला एक जख्ख ओक आहे, फांद्यांना टेकू दिलेला, त्याला अजून केटचा ओक म्हणतात. आणि १९४९ मध्ये, बंडाला ४०० वर्षं झाली तेव्हा, नॉरविचच्या लोकांनी त्याच किल्ल्याच्या भिंतीवर त्याच्या सन्मानाची शिळा बसवली. राजद्रोही म्हणून मारलेल्या माणसाला गाव वेशीवर आणतं, याला सोयीचं म्हणता येईल का?

फेरीवाल्याबद्दल मात्र मान्य, ती गोष्ट जगभर फिरलेली आहे. पण इतक्या गावांतून स्वॉफमनेच ती उचलली, चर्चच्या बाकांवर कोरली आणि मग पाटीवर आणली. बाजारपेठेच्या गावाला फेरीवाला आपला वाटला, हीसुद्धा माहितीच आहे.

---

चिकित्सक

केटचं माहीत नव्हतं. हे उदाहरण वजनदार आहे. तरी एक गाव झालं. माझा मुद्दा सगळ्या पाट्यांबद्दल होता.

---

कंदील

केंटमधलं बिडेंडनही या वादात घ्या. पाटीवर दोन बायका, खांद्याला आणि कमरेला जोडलेल्या. मेरी आणि एलायझा चल्कहर्स्ट, या जुळ्या सन ११०० मध्ये जन्मल्या असं गाव मानतं. त्यांनी आपली जमीन गरिबांसाठी ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून ईस्टरला पाव, चीज आणि त्यांचं चित्र उमटवलेली कडक बिस्किटं वाटली जायची. ईस्टर सोमवारचं वाटप अजून चालू आहे. अठराव्या शतकात एडवर्ड हेस्टेड या इतिहासकाराने ही जुळ्यांची कथाच नाकारली होती. बिस्किटावर नुसत्या दोन गरीब बायका दाखवल्यात असं त्याचं म्हणणं. गावाने हेस्टेडचं ऐकलं नाही. मला यात लबाडी दिसत नाही. जिच्या नावाने अन्न वाटलं जातं ती व्यक्ती गाव सहजासहजी सोडत नाही.

---

सफोकची शेजारीण

इतके दिवस फक्त वाचत होते, या धाग्याने लिहायला लावलं. मी ज्या खेड्यात राहते तिथली पाटी दुरुस्तीला काढली तेव्हा मी मदतीला होते, म्हणून आतली गोष्ट सांगते.

पाटी वरून खराब होत नाही, खालून होते. ओकचा खांब जिथे चौथऱ्यात शिरतो तिथे पाणी साचतं आणि आतून भुसा होतो. बाहेरून रंग शाबूत, बोटाने दाबलं तर बोट आत! आमच्या गावच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या लोडरने ती उतरवली आणि त्याच्याच गोठ्यात आडवी ठेवली. मग आम्ही बायका मऊ ब्रशने शेवाळ काढायला बसलो. उत्तरेकडची बाजू शेवाळाने हिरवीगार, दक्षिणेकडची उन्हाने फिकी. रंग खरवडताना एकाखाली एक थर निघाले. दर पिढीने आभाळ आपापल्या निळ्याने रंगवलं होतं. अक्षरांना सोन्याचा वर्ख लावतात, तो फुंकरीनेही उडतो म्हणून हवा बंद ठेवून, श्वास रोखून लावायचा. नवा खांब आता जमिनीत पुरलेला नाही. लोखंडी बुटात बसवलाय, खाली बोटभर फट ठेवून, पाणी निथळून जाईल अशी.

मागच्या बाजूला काय असावं यावर पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीत, चर्चा रंगली. एका आजोबांना विमान हवं होतं. त्यांच्या लहानपणी अमेरिकी सैनिकांनी त्यांना चॉकलेट दिलं होतं. काहींना साठच्या दशकात बंद पडलेलं रेल्वे स्टेशन हवं होतं. तरुण आईबापांचं म्हणणं, शाळा दाखवा, ती अजून चालू आहे. मला मत विचारलं तेव्हा मी शाळेच्या बाजूने बोलले, माझी लेक तिथेच शिकली. शेवटी विमान जिंकलं, पण आभाळाखाली कोपऱ्यात शाळेचं छप्पर आणि घंटा कोरली. चिकित्सक, तुम्ही म्हणता तसं सोयीचं निवडतात हे काही अंशी खरं आहे. पण त्या सोयीसाठी सगळं गाव एका खोलीत बसून भांडतं, तेव्हा कुणाला काय जपायचंय ते कळतं. इतकी वर्षं राहून जे शेजारी कळले नव्हते, ते मला त्या बैठकीत कळले.

---

अनवट

ताई, तुमचा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा मोलाचा आहे. लोखंडी बुटाची फट मी पुष्कळ ठिकाणी पाहिली होती, कारण आज कळलं.

---

जुनी वही

आपल्याकडच्या वीरगळांची आठवण झाली. गाईगुरं राखताना पडलेल्या वीराचा दगड वेशीजवळ उभा करायचा, तीच भावना.

भारताशी थेट नातं असलेल्या दोन जागा सुचवतो. पहिली थेटफर्डजवळ एल्वेडन. पंजाबचं राज्य गेल्यावर महाराजा दुलीपसिंगांना इंग्लंडला आणलं. १८६३ मध्ये त्यांनी ही जहागीर घेतली आणि वाड्याचा अंतर्भाग भारतीय पद्धतीने सजवला. १८९३ मध्ये ते पॅरिसला वारले आणि एल्वेडनच्या चर्चच्या आवारात पुरले गेले. साधी कबर आहे, लोक फुलं ठेवून जातात. थेटफर्डला नदीतल्या छोट्या बेटावर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे, १९९९ चा. त्यांचे चिरंजीव फ्रेडरिक आयुष्यभर या भागात राहिले, मोडकळीला आलेल्या चर्चांसाठी झटले आणि थेटफर्डला एक जुनं लाकडी घर भेट दिलं. आज ते संग्रहालय आहे.

दुसरी ऑक्सफर्डशायरमध्ये, स्टोक रो. पेडलभक्त, ही तुमच्या रेडिंगहून सायकलच्या टप्प्यात आहे. चिल्टर्नच्या या टेकडीवर पाण्याची फार टंचाई असायची. बनारसच्या महाराजांनी, तिथे अधिकारी असलेल्या एडवर्ड रीड यांच्याकडून हे ऐकलं आणि विहिरीला पैसे दिले. रीडने पूर्वी हिंदुस्थानात एका गावाला विहीर खणून दिली होती, त्याची ही परतफेड. ३६८ फूट खोल, सगळी हाताने खणलेली, १८६४ मध्ये खुली झाली. वर घुमट आणि त्याखाली सोनेरी हत्ती. पाटी पाहून मग गोष्ट शोधायची हे तुमचं सूत्र इथे उलटं लागू होतं. गोष्टच डोळ्यासमोर उभी असते.

---

पेडलभक्त

स्टोक रो पुढच्याच शनिवारी! जुनी वही काका, मनापासून आभार. आणि नॉरफोक मेच्या पहिल्या आठवड्यात, सोमवारची सुट्टी जोडून. अनवट, तीन दिवसांत काय काय जमेल?

---

अनवट

पहिल्या दिवशी किंग्ज लिन, कॅसल रायझिंग, बॅबिंग्ली, सँड्रिंगहॅमच्या आसपासची गावं आणि हीचम. मुक्काम समुद्राकडेला. दुसऱ्या दिवशी रिंगस्टेडवरून बर्नहॅमची गावं. त्यातलं बर्नहॅम थॉर्प हे इंग्रज नौसेनानी नेल्सनचं जन्मगाव. मग वेल्स, वॉल्सिंगहॅम आणि फेकनमला मुक्काम. तिसऱ्या दिवशी नॉरविच, आणि पायात दम असेल तर विंडमपर्यंत. वाटेत केटचा ओक लागेल. विंडमला रेल्वे स्टेशन आहे, परतीची गाडी तिथूनच धरा.

वुलपिट नावाचं आणखी एक बघण्यासारखं गाव यात बसत नाही, ते सफोकमध्ये आहे. पण केंब्रिजहून सकाळची गाडी घेऊन एल्म्सवेलला उतरलात तर दोन-तीन किलोमीटरवर गाव आहे. पाटीवर लांडगा आणि दोन मुलं. बाराव्या शतकात लांडग्यांसाठी खणलेल्या खड्ड्यांपाशी हिरव्या कातडीची दोन भावंडं सापडली, ती फक्त शेंगातल्या कच्च्या बिया खायची, मुलगा गेला आणि मुलगी जगली, असं त्या काळच्या दोन इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. त्या दिवशी मी येऊ शकेन. चौथा दिवस काढता येतो का बघा आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.